दाराजवळची जागा

तमन्ना शेखने आपल्या आईची जागा आपल्याच हाताने काढून घेतली आणि वर त्याचा अहवाल लिहिला. असं करणारी मुलगी वाईट असेल असं कुणालाही वाटेल, पण ती वाईट नव्हती. हुशार होती, कष्टाळू होती, आईवर तिचा जीव होता. फक्त त्या वर्षी तिला नेतृत्व शिकायचं होतं, आणि तेही सहा आठवड्यांत, कारण विद्यापीठाच्या वेळापत्रकात तेवढेच आठवडे दिलेले होते.

सोनईहून ती एसटीने नगरला कॉलेजला जायची. एम.एस.डब्ल्यू.चं दुसरं वर्ष, शेवटचं सत्र. त्यात ‘व्यक्तिगत व आंतरव्यक्ती नेतृत्व विकास’ असा एक जडशीळ नावाचा विषय होता. आरती मॅडम तो शिकवायच्या. बाई मनापासून शिकवणाऱ्या, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. नेता जन्माला येत नाही, तो घडतो, असं त्या पहिल्याच तासाला म्हणाल्या आणि तमन्नाने ते वहीत चौकट करून लिहून घेतलं. आता प्रत्येकाने एक चालू गट निवडायचा, सहा आठवडे त्यात जायचं, त्याचा कारभार सगळ्यांच्या सहभागाने चालेल असं काहीतरी करायचं आणि रोज डायरी लिहायची. वर्गातल्या बाकीच्यांनी बचत गट धरले. बचत गटातल्या बायांना असल्या विद्यार्थ्यांची सवय असते. त्या फोटोपुरत्या गोल बसतात आणि चहा पाजून वाटेला लावतात. तमन्नाला तसलं खोटं नको होतं. तिने आईची टोळी धरली.

टोळी म्हणजे छबूबाई धरून अकरा बायका. उन्हाळ कांदा निघाला की सकाळी सातला टेम्पोत दाटीवाटीने बसून त्या घोडेगावकडच्या एका व्यापाऱ्याच्या शेडवर जायच्या. पत्र्याची लांबलचक शेड, दार एकच. आत कांद्याचा ढीग आणि ढिगासमोर बायकांची ओळ, दारापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत. हातात विळा, बुडाखाली घडी केलेलं बारदान. कांद्याच्या माना कापायच्या, सडका बाजूला टाकायचा, जोडकांदा बाजूला, बारीक गोल्टी वेगळी, मोठा माल वेगळा. दाराशी वारा यायचा. मागच्या भिंतीचा पत्रा दुपारी असा तापायचा की पाठ टेकायची सोय नसे, आणि कांद्याच्या पत्तीची धूळ सगळी तिथेच जाऊन बसायची.

कुणी कुठे बसायचं ते छबूबाई ठरवायची. ती मुकादमीण. साठीला आलेली, उंच, हाडापेराने मोठी बाई, बोलणं मोजकंच. टेम्पोतून उतरली की बोटाने दाखवायची, तू हितं, तू तितं, आणि बाया बसायच्या. रोजच्या अदलाबदलीत दोन जागा तेवढ्या कधी बदलत नसत. तमन्नाची आई बिस्मिल्ला दाराजवळ पहिली, आणि छबूबाई स्वतः सगळ्यात शेवटी, पत्र्याला लागून.

ह्या बसवण्याला कारणं होती, आणि ती छबूबाईच्या पोटात होती. भीमाबाईचा डावा कान गेलेला, तो भिंतीकडे राहील अशी तिला बसवायची, म्हणजे दोन वेळा हाक मारावी लागत नाही आणि कुणी हसत नाही. रतनबाईला हमालांच्या वाटेवर बसवायची नाही, कारण तिचा नवरा संशयी आणि हमालांतला एक त्याचा दोस्त. बिस्मिल्लाचं अंग बाहेर यायचं. धाकट्या अझीमच्या बाळंतपणापासूनचं दुखणं, सोळा-सतरा वर्षांचं. वजन उचललं, खोकला आला, थोडा वेळ दम धरावा लागला, की लघवी थांबायची नाही. दाराशी बसलं की कुणाला न ओलांडता, कुणाच्या ध्यानात न येता तिला उठून मागल्या अंगाला जाता यायचं. हे छबूबाई सोडून जगात कुणाला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला ठाऊक नव्हतं, तो बिचारा न कळताच वारला. पोरांना तर नव्हतंच. टोळीत प्रत्येकीला आपापलं कारण तेवढं माहीत, दुसरीचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि अशा दहा मुठी एका बाईने सांभाळलेल्या.

आणखी एक रीत होती. मुकादमिणीने विळा कमरेला खोचला आणि ती उभी राहिली, की टोळीने उभं राहायचं. का, कशासाठी, हे विचारायचं ते शेडच्या बाहेर गेल्यावर. तीन वर्षांपूर्वी शेडवाल्यांनी बायकांच्या संडासाला कुलूप घातलं होतं. छबूबाई उठली, मागोमाग दहाजणी उठल्या, आणि अर्ध्या तासात कुलूप निघालं. तेव्हापासून शेडचा दिवाणजी, जो एरवी कुणाच्या बापाला भीत नसे, तो छबूबाईशी जपून बोलायचा.

आता हे सगळं काही फळ्यावर लिहिलेलं नव्हतं. तमन्नाने आठवड्यातून तीन दिवस शेडवर येऊन डोळ्याला दिसलं ते लिहिलं. ‘नेतृत्वशैली एकाधिकारशाही. निर्णयांची कारणे गटाला दिली जात नाहीत. पक्षपात जाणवतो.’ मग जरा थांबून तिने पुढे लिहिलं, ‘हा पक्षपात माझ्या आईच्या बाजूने आहे, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते.’ हे वाक्य तिला फार आवडलं. आरती मॅडमनाही आवडलं. त्यांनी समासात लाल शाईने ‘उत्तम आत्मपरीक्षण’ असं लिहिलं, आणि इथेच पोरीच्या डोक्यात वारं शिरलं.

दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी, भाकरी खाऊन झाल्यावर, तिने सगळ्यांना गोल बसवलं. नियम समजावून सांगितला. ज्याच्या हातात कांदा त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही, मनातलं खरं तेच बोलायचं. पहिल्या चार-पाच जणींनी कांदा निखारा धरल्यासारखा पुढे सरकवला. मग तो सविताकडे आला. सविता टोळीतली सगळ्यात धाकटी, खर्ड्याहून लग्न होऊन आलेली, चुरचुरीत बोलणारी.

"म्या इचारू का?" ती म्हणाली. "बिस्मिल्लाचाची रोज दाराशीच का? आमाला बी वारा लागतोच की. छबूमावशीची मैत्रीन हाय म्हनून?"

दोघी-तिघी हसल्या. कुणीतरी "खरं हाय" म्हणालं. तमन्नाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गट बोलायला लागला होता. आता आपण आपल्या माणसाची बाजू घेत नाही हे दाखवायची वेळ होती, आणि ती तिने दवडली नाही.

"अम्मी," तिने सगळ्यांदेखत विचारलं, "जागा बदलली तर तुला काही अडचण आहे का? मोकळेपणाने सांग."

शेडच्या दारात दोन हमाल बिडी ओढत उभे होते. बिस्मिल्लाने एकदा छबूबाईकडे पाहिलं, मग डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"मला कशाची अडचन. कुटं बी बसंन."

कांदा छबूबाईच्या हातात आला. तिने तो थोडा वेळ तळव्यात फिरवला.

"जागा मी ठरवते," ती म्हणाली. "त्याला कारन असतंय. ते चारचौघीत सांगायचं नसतंय."

"पण मावशी, कारण सांगितलंच नाही तर बाकीच्यांना ते पटणार कसं?"

छबूबाईने कांदा खाली ठेवला. ती ह्या पोरीला रांगती असल्यापासून ओळखत होती. बाप गेला त्या वर्षी हिच्या दहावीच्या परीक्षेला रोज केंद्रावर नेणारी तीच होती. तिने मनात आणलं असतं तर एका वाक्यात तमन्नाचं तोंड बंद केलं असतं, पण त्या एका वाक्यात बिस्मिल्ला उघडी पडली असती. म्हणून ती गप्प बसली, आणि बाकीच्या नऊजणींना वाटलं की बाईकडे उत्तर नाही.

हात वर करून ठराव झाला. जागा रोज एकेक पुढे सरकायची, आणि टोळीचा कारभार दर आठवड्याला नवी बाई पाहणार. सगळ्यात आधी सविताचा हात वर गेला. बिस्मिल्लानेही हात वर केला. दुसरं काय करणार होती ती.

"चालवा," छबूबाई म्हणाली आणि विळा घेऊन कामाला बसली.

पाळ्यांची यादी झाली. तमन्नाने ती मोठ्या अक्षरात लिहून पत्र्यावर चिकटवली. पहिले काही दिवस बायांना मौज वाटली. ज्यांना अक्षर येत होतं त्या न येणाऱ्यांना यादी वाचून दाखवायच्या. आरती मॅडम एकदा येऊन गेल्या, त्यांनी यादीसमोर सगळ्यांचा फोटो काढला आणि सविताच्या पाठीवर हात ठेवला. छबूबाई फोटोत कडेला आहे, आणि बिस्मिल्ला नाही. ती मागल्या अंगाला गेली होती.

घरात मात्र बदल दिसायला लागला होता, बघणाऱ्याला. बिस्मिल्लाने सकाळचा चहा सोडला. पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली परत यायची. तमन्ना उठायच्या आधीच तिचं धुणं वाळत पडलेलं असायचं. एवढं शिकलेली, निरीक्षण ह्या विषयाचा वेगळा पेपर दिलेली मुलगी, पण घरात तिचं लक्ष गेलं ते इतकंच, की अम्मी हल्ली लवकर उठते. एकदा ती आईला म्हणालीसुद्धा, "बघ, जागा बदलल्यावर तुलाही उत्साह आला की नाही?" बिस्मिल्ला भाकरी थापत होती. ती हं म्हणाली.

चौथ्या आठवड्यातला गुरुवार. यादीप्रमाणे बिस्मिल्लाची जागा अगदी मागे आली होती, पत्र्याला लागून, आणि छबूबाई तिच्या शेजारी. आठवड्याची कारभारीण सविता. ट्रक लागला होता, म्हणून भरलेल्या गोण्यांची थप्पी वाटेतच रचलेली, आणि दारात सात-आठ हमालांची ये-जा. तमन्ना मधोमध पालथ्या पाटीवर बसून डायरी लिहीत होती. बिस्मिल्लाने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, पण धुळीने तिला खोकला लागला. ती दोनदा उठायला गेली आणि वाट भरलेली पाहून परत बसली. तिसऱ्यांदा उठली ती अर्ध्यावर वाकूनच राहिली, आणि मग तशीच खाली बसली. बारदान भिजलं. ओल पुढे सरकत निवडलेल्या मालाखाली गेली.

दिवाणजी नेमका तेव्हाच माल बघत मागे आला. ओला कांदा गोणीत गेला की सबंध गोणी सडते, हे त्या धंद्यात लहान लेकरालाही कळतं. त्याचा आवाज चढला.

"हे कुनी केलं? ए, कारभारीन कोन आज? हे कुनी केलं?"

सविता उभी राहिली. तिने ओळीवरून नजर फिरवली. तमन्नाच्या नियमात लिहिलेलं होतं की ज्याची चूक त्याने स्वतः पुढे येऊन सांगावी. बिस्मिल्लाची मान खाली होती, आणि तिचे हात कांदा धरून तसेच थांबले होते.

छबूबाईने शेजारचा पाण्याचा तांब्या उचलला आणि त्या ओलीवर उपडा केला. दिवाणजी तेव्हा सविताकडे बघत होता, बाया दिवाणजीकडे बघत होत्या, आणि तमन्ना डायरीत बघत होती. तांब्या गडगडला तेव्हा सगळ्यांनी मान वळवली.

"माज्या हातनं सांडला," छबूबाई म्हणाली. "बिस्मिल्लाच्या बी अंगावर उडालं. हात कापतो आताशी."

"हात कापतो तर घरी बस ना, म्हातारे," दिवाणजी म्हणाला. आणि मग, तीन वर्षं मनात धरून ठेवलेलं असावं तसं, तो आणखी पुष्कळ बोलला. ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाला, "उद्यापास्नं तू शेडवर दिसायची न्हाईस."

छबूबाईने विळा कमरेला खोचला आणि ती उभी राहिली.

शेडमध्ये विळ्यांचा आवाज थांबला. रतनबाई अर्धी उठली. भीमाबाईने सविताकडे पाहिलं, कारण ह्या आठवड्यात बघायचं ते सविताकडे. आणि सविता, जिने आयुष्यात कधी कुणाचा कारभार पाहिला नव्हता, तिने पत्र्यावरच्या यादीकडे पाहिलं. यादीत ह्या गोष्टीचं काही लिहिलेलं नव्हतं. रतनबाई परत खाली बसली. छबूबाईने जेवढा वेळ वाट बघायची तेवढी बघितली, फार नाही, आणि ती गोण्यांच्या कडेकडेने, हमालांच्या मधून बाहेर निघून गेली. बिस्मिल्ला उठू शकली नाही. तिला उठता येण्यासारखं नव्हतं.

तमन्नाला वाईट वाटलं, खरंच वाटलं. तिने दिवाणजीला दोन शब्द सुनावलेसुद्धा, आणि त्याने ते ह्या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिले. पण त्या संध्याकाळी डायरीत तिने जे लिहिलं ते असं होतं. ‘गटातील ज्येष्ठ सदस्य छबूबाई यांनी आपली चूक स्वतःहून मान्य केली. नव्या रचनेमुळे जबाबदारी स्वीकारण्याची वृत्ती वाढीस लागल्याचे हे उदाहरण आहे. मात्र त्यांनी रागाच्या भरात गट सोडला, यावरून सत्तेचा त्याग अवघड असतो असे दिसते.’

बिस्मिल्ला दुसऱ्या दिवशी कामाला गेली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. गुडघा धरलाय म्हणाली. आठवडा झाला तरी गुडघा काही सुटेना. ती दिवसभर आतल्या खोलीत बसून असायची, आणि दारावरून टेम्पो गेला की पदर डोळ्यांवर घ्यायची. छबूबाईकडे ती गेली नाही, छबूबाईही आली नाही. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

अहवाल पुरा झाला त्या दुपारी तमन्नाने तो आईला वाचून दाखवायला घेतला. आईला तेवढंच बरं वाटेल असं तिच्या मनात होतं. टोळीत आपली मुलगी काय करत होती ते तिला कळेल, अभिमान वाटेल. ती सोपं करून, मधेमधे थांबून वाचत होती. छबूबाईच्या चुकीचं वाक्य आलं तेव्हा बिस्मिल्ला म्हणाली, "ते पानी न्हवतं."

"काय?"

"छबूनं वरनं वतलं, ते पानी. आदीचं पानी न्हवतं. ते माजं हुतं."

तमन्नाला कळायला वेळ लागला. मग कळलं. मग बिस्मिल्लाने भिंतीकडे तोंड करून उरलेलं सगळं सांगितलं, अझीमच्या बाळंतपणापासून. पहिल्यांदा भर शेतात झालं तेव्हा छबूने आपलं लुगडं सोडून कसं दिलं आणि स्वतः परकरावर, वर टॉवेल गुंडाळून कशी घरी गेली, ते सांगितलं. दाराजवळची जागा कशासाठी होती ते सांगितलं. सांगताना ती रडली नाही, आणि तेच तमन्नाला ऐकवेना.

"मला का नाही सांगितलंस, अम्मी? मी तुला विचारलं होतं ना."

"इचारलंस की," बिस्मिल्ला म्हणाली. "अकरा बायात इचारलंस. दारात दोन बाप्ये हुते. त्यात मी काय सांगू?"

आईला कधी एकटीला, चुलीपाशी, पाय चेपता चेपता विचारावं हे तमन्नाला सुचलं नव्हतं, कारण तो प्रश्न तिच्या लेखी आईचा नव्हता, गटाचा होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती उठून मोरीत जाऊन उभी राहिली.

त्याच संध्याकाळी ती छबूबाईकडे गेली. छबूबाई अंगणात शेळीला पाला टाकत होती. तमन्नाने तिचे पाय धरले. छबूबाईने तिला उठवलं, घोंगडी टाकून दिली, पाणी दिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. तो असता तर तमन्नाला सोपं गेलं असतं.

"मावशी, परत या. मी यादी फाडून टाकते. सगळ्यांना सांगते, माझं चुकलं."

"काय सांगशील?"

तमन्नाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"बग," छबूबाई म्हणाली. "सांगाया गेलं की तुज्या आईचं सांगावं लागंल. न्हाई सांगितलं तर बाया म्हनत्याल, म्हातारीनं पोरीला फितवलं. यादी ऱ्हाऊ दे आता."

"पण तुमच्यावर आळ आला. दिवाणजी सगळ्या बाजारात सांगतोय की म्हातारीचा हात कापतो. दुसऱ्या शेडवर तुम्हाला कोण घेईल?"

"न्हाई घेनार."

"मग?"

"मग काय. शेळ्या हायेत." तिने शेळीपुढे पाला सरकवला. "दिवानजी बोलला त्याचं काई न्हाई गं. त्याचं कामच हाय बोलायचं. म्या उभी ऱ्हायले आन् कोनी उठलं न्हाई, ते लई लागलं. रतन उठत हुती, पर बसली. टोळी ऱ्हायलीच न्हवती तवा, आन् मला म्हाईत न्हवतं."

तमन्ना रडायला लागली. छबूबाईने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "एक कर. तुज्या त्या कागदात बिस्मिल्लाचं काई लिहू नको. माजं काय लिवायचं ते लिही. म्हातारी तापट हुती, सत्ता सोडंना, काय लिवायचं ते लिही."

तमन्नाने अहवालातून जबाबदारी स्वीकारण्याचं ते वाक्य तेवढं काढून टाकलं. त्या जागी काय लिहावं हे तिला कळेना, म्हणून तिने काहीच लिहिलं नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. चौथ्या आठवड्यात मूळ नेता गट सोडून जातो, पुढच्या पंधरा दिवसांत टोळी फुटते, पाचजणी वेगळ्या शेडवर जातात, आणि ह्याचं विश्लेषण कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. आरती मॅडमनी सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. "तमन्ना, तुझी निरीक्षणं तर चांगली असतात. काय घडलं त्या दिवशी? सांग ना मोकळेपणाने."

"मला सांगता येणार नाही, मॅडम," तमन्ना म्हणाली.

परीक्षकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खाली कागदाकडे पाहिलं. ती पास झाली, पण ज्या विषयासाठी तिने सगळ्यात जास्त घाम गाळला होता त्यात तिला वर्गात सगळ्यात कमी गुण पडले. ‘विद्यार्थिनीला गटापासून आवश्यक अंतर राखता आले नाही’ असा शेरा होता. तिने त्याबद्दल कुणाकडे तक्रार केली नाही. गुणांचं तिला दुःखही झालं नाही, एवढी ती त्या दोन महिन्यांत बदलली होती. तिला एकच हवं होतं. आईला दवाखान्यात न्यायचं, हे दुखणं बरं करायचं, आणि आईने आपल्याकडे पहिल्यासारखं बघायचं.

महिनाभर ती मागे लागली. ओरडून नाही, चारचौघांत नाही. रात्री भांडी आवरताना हळूच, एकटीला. ऑपरेशन साधं असतं, बाई डॉक्टर असते, कुणाला कळणार नाही. बिस्मिल्ला ऐकून घ्यायची आणि ‘बघू’ म्हणायची. शेवटी जुलैच्या एका सकाळी तीच म्हणाली, "चल. पर छबूला घेऊन ये." तमन्ना धावत गेली. छबूबाईने काही विचारलं नाही, चपला पायात सरकवल्या आणि निघाली.

तिघी एसटीने नगरला गेल्या. दोघी मैत्रिणी एका बाकावर बसल्या, तमन्ना मागच्या बाकावर. मधल्या अडीच महिन्यांचं त्या काही बोलल्या नाहीत. पावसाचं, शेळीच्या पिलांचं, आजारी भीमाबाईचं बोलल्या. एकदा बिस्मिल्ला हसली. तमन्नाने ते मागून ऐकलं. आता सगळं जागेवर येईल असं तिला वाटलं.

दवाखान्यात गर्दी होती. तमन्नाने पळापळ करून केसपेपर काढला, रांग धरली, जागा मिळवली. मनात ती वाक्यं जुळवत होती. डॉक्टरांना काय सांगायचं, कोणते प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचे, आईला अवघड वाटणार नाही असं कसं बोलायचं. हे तरी आपण नीट करू, असं तिने ठरवलं होतं. दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरने नाव पुकारलं तेव्हा तिघी उठल्या.

"पेशंटबरोबर एकच जण," सिस्टर म्हणाली. "नातेवाईक कोण?"

तमन्ना पुढे झाली. केसपेपर तिच्याच हातात होता. बिस्मिल्लाने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि छबूबाईच्या हातात दिला.

"ह्या येतील," ती म्हणाली.

"आणि ही कोण?"

"ही माजी मुलगी हाय. ती भाईर बसंल."

"अम्मी, मी येते ना आत. छबूमावशीला वाचता येत नाही. डॉक्टर काय विचारतील, काय लिहून देतील..."

बिस्मिल्लाने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या गालावरून हात फिरवला, तिच्या लहानपणी फिरवायची तसाच, मायेने. त्यात राग अजिबात नव्हता.

"तू भाईर बस, बेटा," ती म्हणाली. "तुज्यासमोर मला सांगाया व्हायचं न्हाई."

दोघी आत गेल्या. सिस्टरने पडदा ओढून घेतला आणि तमन्नाला समोरच्या बाकावर जागा करून दिली.